उंबऱ्याच्या आत एकवीस मिनिटं

सिग्नल हिरवा झाला आणि माझी स्कूटर मेली.

बिघडली नाही, मेली. बिघडलेली गाडी कुरकुर करते, धक्के देते, निदान काहीतरी बोलते. हिनं एकदा दिवा मिचकावला आणि गप्प झाली. मागे ट्रक, ट्रकच्या मागे सगळं शहर, आणि सगळ्यांचे हॉर्न माझ्या एकटीच्या नावानं. उतरून ढकलायला लागले तर एका गाडीवाल्यानं काच खाली केली. "काकू, सकाळी सकाळी डोळा लागला का?" एरवी मी त्याला चांगला झोडला असता. माझं तोंड फटकळ आहे, हे गल्लीला माहीत आहे, कंपनीलाही माहीत आहे. पण त्या वेळी तोंडातून शब्द फुटेना. स्कूटर का मेली ते मला कळलं होतं.

आमच्या स्कूटरी कंपनीच्या. त्यांना चावी नाही, ॲपवरून सुरू होतात. खातं चालू तर गाडी चालू. खातं थांबवलं की गाडी असेल तिथे थांबते. मग तुम्ही पुलावर असा, नाहीतर चौकाच्या मधोमध.

फुटपाथवर चढवली आणि फोन काढला. अंगठ्याचा ठसा चौथ्यांदा लागला. मेसेज होता तो असा. प्रिय डिलिव्हरी भागीदार, तुमच्याविरुद्ध वर्तनाची गंभीर तक्रार आली आहे. ग्राहकाच्या घरात विनापरवानगी प्रवेश, कालावधी एकवीस मिनिटे. तुमचे खाते तात्पुरते थांबवले आहे. संध्याकाळी सहापर्यंत खुलासा द्यावा. ही तुमची तिसरी नोंद आहे.

तिसरी नोंद झाली की खातं कायमचं बंद. त्यावर अपील नाही, काही नाही.

पहिली नोंद सांडलेल्या सुपाची. झाकण हॉटेलवाल्यानं ढिलं लावलं, शिक्षा मला. दुसरी माझ्या तोंडाची. लिफ्ट बंद, सहावा मजला, मी धापा टाकत पोचले तर तो माणूस म्हणाला चार मिनिटं उशीर झाला. मी म्हटलं, दोन मजले खाली उतरला असतात तर पाय झिजले असते का? एवढंच. त्याचं झालं 'ग्राहकाशी उद्धट वर्तन'.

आता तिसरीची भीती किती, हे कळायला आमच्या घरातलं एक सांगावं लागेल. आमच्या ह्यांनी सव्वीस वर्षं बस चालवली. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत पडदा आला तो वाढतच गेला. आता उजव्यानं उजेड दिसतो आणि डाव्यानं माणसाचा आकार. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला ऑपरेशन ठरलंय, तेही माझ्या खात्यावरच्या विम्यातून. खातं बंद झालं की विमा त्याच दिवशी बंद. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणखी लांबलं तर मग उपयोग व्हायचा नाही. आणि मी एकोणपन्नास वर्षांची. शिलाईचा कारखाना बंद पडल्यावर वर्षभर उंबरे झिजवले होते, मला कोण दारात उभं करतं ते पाहून झालं होतं.

एकवीस मिनिटं कुठली, ते आठवायला एक क्षणही लागला नाही. काल सकाळची.

आमच्या भागात तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहते. शाळेत शिक्षिका होती, म्हणून मी तिला बाईच म्हणते. आठवड्याला दोन ऑर्डरी, ब्रेड नाहीतर साबण, असलंच किरकोळ. दार उघडलं की माझ्याकडे चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "आज केस विंचरले नाहीत." मी म्हणायची, "हेल्मेटला आवडत नाहीत, बाई." एवढंच आमचं बोलणं, दारातल्या दारात. कारण दाराचा आमचा नियम पक्का आहे. घंटी वाजवायची, दोन पावलं मागे व्हायचं, सामान जमिनीवर ठेवायचं, सामान आणि दार असा फोटो काढायचा, निघायचं. उंबरा ओलांडायचा नाही. पहिल्या दिवशी दाखवतात त्या चित्रफितीत एक पाय उंबऱ्यावर आणि त्यावर भलीमोठी लाल फुली आहे.

काल ऑर्डर होती मिठाची. एक पुडा, बाकी काही नाही. घंटी वाजवली, कोणी आलं नाही. दार चार बोटं उघडं होतं.

"आत ये," आतून आवाज आला.

"बाई, बाहेर ठेवते."

"अगं, आत ये म्हणते ना."

तो आवाज नेहमीचा नव्हता. मी गेले. बाई स्वयंपाकघरात फरशीवर होत्या, पाठ कपाटाला टेकलेली, एक पाय विचित्र मुडपलेला, फोन मांडीवर. म्हणाल्या, "घाबरू नकोस. आत्ताच पडले. पाच मिनिटं झाली असतील." एवढ्याशा दिसणाऱ्या बाई उचलायला किती जड, ते मला काल कळलं. आधी गुडघ्यावर, मग स्टुलावर, मग खुर्चीत. गाऊन ओला झाला होता. मी दुसरा शोधला, बदलायला हात दिला, आणि त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही. फरशी पुसली. बाई म्हणाल्या, मीठ डब्यात घाल. डबा उघडला तर तो काठोकाठ भरलेला. पुडा मी तसाच मागे ठेवून दिला.

निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "माझ्या मुलाला कळता कामा नये. ही तिसरी वेळ. मागच्या वेळीच त्यानं सांगितलंय, आता पडलीस तर वृद्धाश्रम. फॉर्म भरून ठेवलाय त्यानं. बेचाळीस वर्षं मी ह्या घरात राहतेय."

"मी कशाला कोणाला सांगतेय, बाई."

"तसं नाही. वचन दे."

दिलं. माझ्या काय बापाचं जात होतं, असं तेव्हा वाटलं. बाहेर आले तेव्हा दारावरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. शर्टाच्या बटणाएवढा कॅमेरा, मुलानं लावलेला. तो रोजच असायचा, मी कशाला लक्ष देते.

आता फुटपाथवर लक्ष गेलं. मुलानं पाहिलं असणार, कोणीतरी बाई आईच्या घरात शिरली आणि एकवीस मिनिटांनी बाहेर आली. त्यानं आईला विचारलं असणार. आणि आईनं काय सांगितलं असेल, ह्याचा विचार केला तेव्हा मी स्कूटरला टेकूनच बसले.

टोपी तिथे आला. टोपी म्हणजे आमच्यातलाच एक, हेल्मेटच्या आतही लोकरीची टोपी घालतो, भर उन्हाळ्यातही. त्यानं न बोलता माझी स्कूटर पायानं रेटत पंक्चरवाल्याच्या आडोशाला लावून दिली. मेलेली स्कूटर दिसली की आमच्यात कोणी 'काय झालं' विचारत नाही. 'कितवी?' विचारतात.

"कितवी?"

"तिसरी."

त्यानं टोपी कपाळावर सारली. "काय लिहिणार?"

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "मग अवघड काय त्यात? खरं लिहा. पडलेल्या बाईला उचललं, बक्षीस देतील वर."

"वचन दिलंय."

"काकू, वचन ॲपला जोडता येतं का?"

"आणि तिला उचलून आश्रमात टाकतील त्याचं काय?"

तो निघाला, पुन्हा वळला. "एक करू नका. त्या बाईंना भेटायला जाऊ नका. आपल्यातला लंब्या गेला होता ना, तक्रार मागे घ्या म्हणून हात जोडायला? जिना उतरेपर्यंत खातं बंद. ग्राहकाशी परस्पर संपर्क म्हणजे थेट फाशी."

मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिथे एक यंत्रातली बाई आहे, तिचा आवाज पाकात बुडवलेला. "तुमची अडचण मला समजते," म्हणाली. मी म्हटलं, काय समजते डोंबल, अजून मी सांगितली कुठे? "कृपया चार दाबा." दाबला. "तुमची अडचण मला समजते." पंधरा मिनिटं आमचं हेच चाललं. नंतर फोन कट झाला तेव्हा लक्षात आलं, मी मघापासून हळू आवाजात, अगदी आदबीनं बोलत होते. यंत्राला घाबरून.

आणि मग मी तेच केलं जे करायचं नव्हतं.

जॅकेट उलटं करून घातलं, म्हणजे कंपनीचं नाव आत. हेल्मेट पंक्चरवाल्याकडे ठेवलं. पाऊण तास चालत गेले. रस्त्यात आमचे रंगीत जॅकेटवाले दिसले की दुकानाच्या पाट्या वाचत उभी राहायची, चोरासारखी. वाटलं होतं, बाईंना एवढंच म्हणावं, मुलाला खरं नका सांगू, पण तुम्हीच मला आत बोलावलं एवढं तरी सांगा. त्यात त्यांचं पडणं येत नाही आणि माझी नोंद जाते. चालताना हे फार हुशारीचं वाटत होतं.

तिसऱ्या मजल्याच्या आधीच्या वळणावर थांबले. तिथून दार दिसतं, पण कॅमेऱ्यात मी येत नाही. निदान माझा तसा हिशेब होता. घंटी वाजवायला जायचं म्हणजे त्या लाल दिव्यासमोर जायचं. एक पायरी चढले, उतरले, पुन्हा चढले. वरून कोणी आलं तर काय सांगायचं, खालून आलं तर काय, ह्याची उत्तरं जुळवत बसले. असा किती वेळ गेला कोण जाणे. कडी वाजली आणि बाई काठी टेकत बाहेर आल्या, हातात कचऱ्याची पिशवी. पिशवी ठेवायला वाकल्या आणि मी दिसले.

मी हात जोडले. त्या काही बोलायच्या आत भिंत बोलली.

"आई, कोण आहे?"

कॅमेऱ्यातून आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं. मुलगा कुठे ऑफिसात बसला असेल तिथून, पण आवाज अगदी कानाशी.

"कोणी नाही रे," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत. "कचरा ठेवतेय."

"कोणाकडे बघतेस मग? आई, ती कालची बाई. नीट आठव. काही नेलं नाही ना तिनं? आत कशाला आली होती?"

"सांगितलं ना तुला. पाणी हवं होतं तिला. आपणहून शिरली. मी काय करणार, म्हातारी बाई."

हे त्या माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. काठीवरचा हात पांढरा पडला होता. मग त्यांनी मान एवढीशी हलवली, नाही म्हणून, आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मला राग यायला हवा होता. ज्या बाईचा ओला गाऊन मी बदलला तिनं मला तोंडावर चोर ठरवलं. खरं सांगते, राग आलाच नाही. बाईंच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी ओळखली, सकाळपासून तीच माझ्या तोंडावर होती. त्या वाचल्या तर मी बुडणार, मी वाचले तर त्या. दोघींना पुरेल असं ह्यात काही नव्हतं.

घरी पोचायला दोन वाजले. आमचे हे खिडकीशी बसून बटाटे सोलत होते. ते डोळ्यांनी सोलत नाहीत, बोटांनी सोलतात, आणि साल माझ्यापेक्षा पातळ काढतात.

"चालत आलीस," म्हणाले. स्कूटरचा आवाज आला नव्हता ना.

"हो."

"कितवी?"

त्यांनाही आमची भाषा येते. मी सगळं सांगितलं, बाईंचं, वचनाचं, जिन्याचं. जिन्यावर गेले हे ऐकून सुरी थांबली. शेवटी म्हणाले, "अगं, मला दिसतं तेवढं पुरे आहे. तुझा आकार दिसतो. सव्वीस वर्षं पाहिलेला चेहरा मला पाठ आहे. माझ्या डोळ्यांसाठी कोणा म्हातारीचं घर नको मोडूस."

"आणि चेहरा बदलला असेल तर?"

"मग तर नकोच बघायला," म्हणाले आणि हसले. मला धीर द्यायला म्हणून उठले, माझ्यासाठी ग्लास घेतला, तांब्या उचलला आणि पाणी ओतलं. ग्लासाच्या बाहेर. सगळं पाणी टेबलावरून त्यांच्या पायांवर गेलं आणि ते ओततच राहिले. मग पायांना गार लागल्यावर थांबले. "जरा सांडलं वाटतं," म्हणाले, आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला आणि प्यायल्यासारखं केलं. पण त्या क्षणी माझं काय ठरायचं ते ठरून गेलं होतं. नंतर तीन तास मी नुसती ठरलं नाही असं दाखवत बसले, स्वतःलाच.

खुलाशाची चौकट तीनशे अक्षरांची. माणसाचा निकाल तीनशे अक्षरांत. चौकटीच्या खाली बारीक टायपात होतं, तुमचा खुलासा पडताळणीसाठी तक्रारदारास दाखवला जाईल. म्हणजे मुलालाच. मी ते वाचलं नव्हतं असं म्हणायला जागा नाही. मी ते चार वेळा वाचलं, एकदा ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

आधी लिहिलं, तहान लागली म्हणून आत गेले, क्षमा असावी. खोडलं. मग लिहिलं, ग्राहकानं बोलावलं. खोडलं, कारण पुढचा प्रश्न 'कशाला' हाच असणार, आणि बाई नाही म्हणणार. पाच वाजून गेले. साडेपाच. कोपऱ्यातला उरलेल्या मिनिटांचा आकडा लाल झाला. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते, काहीच म्हणत नव्हते, आणि त्यांचं ते न म्हणणं मला सहन होईना. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा एका दमात लिहून काढलं.

ग्राहक स्वयंपाकघरात पडल्या होत्या. पाच मिनिटं झाली होती. हाक मारली म्हणून आत गेले. उठवून खुर्चीत बसवलं. मुलाला सांगू नका म्हणाल्या म्हणून सांगितलं नव्हतं. पाय डॉक्टरांना दाखवा.

शेवटचं वाक्य मी का घातलं, तर आपण बाईंच्या भल्यासाठीच सांगतोय असं वाटावं म्हणून. कोणाला वाटावं? मलाच. आणि बटण दाबलं.

पावणेसातला उत्तर आलं. खाते पूर्ववत. तिसरी नोंद रद्द. तुमच्या सेवाभावाचा आम्हाला अभिमान आहे, खाली टाळ्या वाजवणारे दोन हात. माझा जीव भांड्यात पडला. मी ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि ते दुःखानं नव्हतं, खोटं कशाला बोलू. सुटले म्हणून रडले. दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याकडची स्कूटर हात लावताच जागी झाली.

पण भीती गेली नाही. तिनं फक्त जागा बदलली. आठ दिवस ऑर्डरचा आवाज झाला की पत्ता बघायच्या आधी डोळे मिटायची. ब्रेड, साबण, बाईंचं काही येतंय का. आलं नाही. नवव्या दिवशी आलं.

सामान उचला, दुसरीकडे पोचवा. उचलायचा पत्ता बाईंचा. पोचवायचा पत्ता शहराच्या टोकाचा, 'निवास' असं काहीतरी नाव. नाकारायला बारा सेकंद असतात, आणि नाकारलं की गुण कमी होतात. मी नाकारलं नाही.

दार सताड उघडं होतं. आत खोकी, सुतळी, भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोनी डाग. मुलगा बाह्या सरसावून उभा. मी मनात त्याचा राक्षस करून ठेवला होता. हा तर साधा, डोळ्यांखाली काळं आलेला, झोप न झालेला माणूस निघाला.

"तुम्हीच ना त्या?" म्हणाला. "हेल्मेटच्या पट्टीवरून ओळखलं. माफ करा, मी तक्रार केली. तुमचे फार उपकार आहेत. तिनं कधीच सांगितलं नसतं." आणि दोन्ही हातांनी पिशवी दिली. रेडिओ, जादाचा चष्मा, एक शाल, लाल शाईची पेनं. मी मान हलवली आणि जिना उतरले. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या निवासाला काचेचं दार. आतली कारकून बाई टेबलामागूनच म्हणाली, "तिथेच ठेवा. आणि आत येऊ नका, फरशी ओली आहे." मी घंटी वाजवली होती, दोन पावलं मागे झाले होते. पिशवी ठेवून फोन काढला आणि मनात म्हटलं, आपल्या बाई न दिसोत. चार चाकांचा नाही, चार पायांचा तो वॉकर टक टक करत आला आणि बाई दारात उभ्या राहिल्या. केस विंचरलेले, चष्मा तोच. नऊ दिवसांत खांदे उतरले होते.

"बाई," मी म्हटलं. पुढे काय म्हणायचं ते मी आठ दिवस जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. "मी घाबरले होते, बाई. माझ्या नवऱ्याचे डोळे..."

"थांब," त्या म्हणाल्या, वर्गात म्हणत असतील तसं. "मुलानं मला वाचून दाखवलं तू लिहिलेलं. आधी रागावले होते. मग कंटाळा आला रागावायचा. पण त्यात एक चूक आहे."

"कुठली?"

"पाच मिनिटं लिहिलंस."

"तुम्हीच म्हणालात, बाई."

"म्हणाले. पावणेदोन तास झाले होते." त्यांनी आत टेबलाकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "फोन खिशात होता. मुलाला केला असता तर संपलंच. शेजारचे त्यालाच कळवतात. मग मी काय मागवलं की सगळ्यात लवकर कोणी येतं ते बघितलं. मीठ आलं. सरपटत गेले, काठीनं कडी काढली. दारात पडून राहिले असते तर कॅमेऱ्यात दिसले असते, म्हणून परत सरपटत आत गेले."

मिठाचा काठोकाठ भरलेला डबा माझ्या डोळ्यांसमोर आला.

"मीठ नको होतं मला," बाई म्हणाल्या. "माणूस हवं होतं. तू आलीस." मग सहज सांगावं तसं म्हणाल्या, "इथे फोन ऑफिसात जमा करावा लागतो."

फोन हातात थरथरला. पोचवण्याची वेळ संपायला दीड मिनिट. मी घाईघाईनं फोटो काढला. ॲपनं परत केला. फोटोत व्यक्ती दिसत आहे, फक्त सामान आणि दार हवे, पुन्हा काढा. बाईंची पावलं आली होती, पिशवीच्या मागे, मऊ सपाता घातलेली.

मला सांगायला हवं होतं की जाऊ दे तो फोटो. उशिराची एक नोंद झाली असती, तिसरी. वीस तारखेला अजून तेरा दिवस होते.

"बाई," मी म्हटलं, "जरा मागे सरता का?"

त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. समजलं त्यांना. वॉकर उचलून मागे टेकवला, एक पाऊल मागे घेतलं. पुन्हा वॉकर उचलला. फरशी ओली होती. त्याचा एक पाय घसरला, बाई डावीकडे कलल्या, आणि माझा पाय आपोआप उचलला गेला. उचललेला पाय उंबऱ्याच्या वर तसाच राहिला, पुढे गेला नाही. कारकून बाईच्या डोक्यावर, भिंतीत, शर्टाच्या बटणाएवढा लाल दिवा होता.

बाईंनी दाराची चौकट धरली. सावरल्या. मग माझ्या हवेतल्या पायाकडे बघत म्हणाल्या,

"नाही पडले. काढ फोटो."

मी पाय मागे घेतला आणि फोटो काढला.